दिवाळीला पेरा, नाताळात तोडा

मराठीत एखाद्याला साफ नकार देणे म्हणजे वाटाण्याच्या अक्षता लावणे. बिचाऱ्या वाटाण्याने हे नाव कशामुळे ओढवून घेतले कोण जाणे! आमच्या घराचा अनुभव अगदी उलटा आहे. ज्या पिकाने आम्हांला आजवर कधी 'नाही' म्हटले नाही, ते म्हणजे वाटाणा.

मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांचे घर म्हणजे क्वार्टर. दोन-तीन वर्षे एका गावी, पुढची दोन-तीन वर्षे दुसऱ्या गावी. माझ्या जन्मापासून आम्ही पाच घरे बदलली. त्यांपैकी एका घरामागे आईने लिंबाचे रोप लावले होते. त्याला फळ धरले की नाही, ते आम्हांला कधीच कळले नाही, कारण तोवर बदलीचा हुकूम आला होता. आंबा, पेरू, लिंबू ही एका जागी राहणाऱ्यांची झाडे. आपल्याला असे काहीतरी हवे, जे एका हंगामात लावून त्याच हंगामात खाता येईल. त्यातून आपण वसतिगृहात राहणारी मुले. म्हणजे पेरणी एका सुट्टीत आणि तोडणी दुसऱ्या सुट्टीत बसायला हवी. या दोन्ही अटी पूर्ण करणारे पीक म्हणजे टरफलासकट खायचा गोड वाटाणा. बियांच्या पाकिटावर त्याचे नाव 'स्नॅप पी' असे असते. सध्या आमचे घर जबलपूरला आहे आणि जबलपूरचा हिरवा मटार प्रसिद्ध आहे. तिथे दोन हिवाळे हा वाटाणा लावून जे शिकलो, ते इथे सांगतो.

वाटाण्याचे तीन भाऊ

पहिला भाऊ आपल्या मेसमधल्या मटार-पनीरचा. त्याचे दाणे खातात आणि टरफल टाकून देतात. टरफल टाकावे लागते, कारण त्याच्या आतल्या बाजूला एक चिवट पापुद्रा असतो. तो कितीही चावला तरी तोंडात चोथा उरतो.

दुसरा भाऊ 'स्नो पी'. त्याची शेंग चपटी असते, दाणे अगदी बारीक असतानाच ती तोडतात. हॉटेलातल्या चायनीज भाजीत ती दिसते. हिच्यात तो चिवट पापुद्रा नसतो, म्हणून ती अख्खी खाता येते.

तिसरा भाऊ आपला स्नॅप पी. याच्या शेंगेतही पापुद्रा नसतो, पण टरफल चपटे नसून जाड आणि रसाळ असते, शिवाय आत दाणेही भरतात. शेंग वाकवली की गाजरासारखी कट्कन मोडते. अमेरिकेतील आयडाहो राज्यात कॅल्व्हिन लँबॉर्न नावाच्या संशोधकाने जाड टरफलाच्या एका वेगळ्याच निघालेल्या झाडाचा स्नो पीशी संकर केला, आणि बरीच वर्षे निवड करून १९७९ मध्ये 'शुगर स्नॅप' हे वाण बाजारात आले. भारतात लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने टरफलासकट खायचे 'मिठी फली' नावाचे वाण काढले आहे.

माझे आजोबा पुरंदर तालुक्यात पावसाळी वाटाणा करतात. टरफलासकट वाटाणा खायचा, हे फोनवर ऐकून ते खूप हसले. "अरे, टरफलं म्हशीला घालतात. तुमच्या शाळेत हेच शिकवतात का?" मग मी त्यांना एक शेंग कशी लागते ते सांगू लागलो, तेव्हा म्हणाले, "बरं, बी ठेव थोडं माझ्यासाठी."

इथेच एक महत्त्वाची सूचना. आपल्या छावण्यांमध्ये हिवाळ्यात कुंपणाला 'स्वीट पी' नावाची सुगंधी फुलझाडे लावतात. गुलाबी, जांभळी, पांढरी फुले येतात आणि नंतर वाटाण्यासारख्याच दिसणाऱ्या, पण लव असलेल्या शेंगा धरतात. नावात 'गोड' असले तरी त्या शेंगा आणि बिया विषारी आहेत. लहान भावंडांना हा फरक नीट समजावून सांगा. खायचा वाटाणा आणि फुलांचा वाटाणा एकाच कुंपणावर मुळीच लावू नका.

मेंडेलची शेंग

दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आला की ग्रेगर मेंडेल आणि त्याची वाटाण्याची झाडे येतात. त्याने तपासलेल्या सात गुणधर्मांपैकी एक होता शेंगेचा आकार. काही झाडांच्या शेंगा फुगीर, तर काहींच्या दाण्यांना चिकटून आवळलेल्या. दोन्हींचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत सगळ्या शेंगा फुगीर आल्या. दुसऱ्या पिढीतल्या ११८१ झाडांपैकी ८८२ झाडांना फुगीर आणि २९९ झाडांना आवळलेल्या शेंगा आल्या, म्हणजे जवळजवळ तीनास एक.

परीक्षेसाठी हे आकडे मी पाठ केले होते. बागेत शेंग सोलून पाहिल्यावर त्यांचा अर्थ कळला. शेंग फुगीर राहते ती त्या चिवट पापुद्र्यामुळे. तो तंबूच्या काठीसारखा टरफलाला ताणून धरतो. पापुद्रा नसेल तर पातळ टरफल दाण्यांवर बसते आणि शेंग आवळलेली दिसते. म्हणजे मेंडेलने १८६६ मध्ये छापलेल्या निबंधातला तो मागे पडणारा, अप्रभावी गुण हाच आज आपल्याला टरफल खाऊ देतो. स्नॅप पीचे टरफल जाड असल्यामुळे पापुद्र्याशिवायही शेंग गोल राहते, एवढाच फरक.

सगळा खेळ तारखेचा

आता मुख्य मुद्दा. वाटाण्यासाठी माती, खत, पाणी हे सगळे लागते, पण सर्वांत आधी लागते ती योग्य तारीख. वाटाणा थंडीचे पीक आहे. दिवसाला साधारण १० ते २० अंश तापमान त्याला मानवते. कमाल तापमान ३० च्या वर गेले की फुले गळतात, शेंगा लहान राहतात आणि गोडी कमी होते. लहान रोप हलके दव-धुके सहन करते, पण फुले आणि कोवळ्या शेंगा कडक दहिवराने करपतात.

म्हणजे पेरणी फार लवकर केली तर ऑक्टोबरच्या उन्हात रोपे मरगळतात. फार उशिरा केली तर शेंगा भरायच्या वेळी फेब्रुवारीचे ऊन गाठते. दोन्हींच्या मध्ये जी फट आहे, तिच्यात आपल्याला शिरायचे आहे. परेडला उशिरा पोहोचलेल्याला जसे बाहेर थांबावे लागते, तसेच इथेही आहे.

स्नॅप पीच्या बुटक्या वाणांना पेरणीपासून पहिल्या शेंगेपर्यंत साधारण ६० ते ७० दिवस लागतात, उंच वाणांना थोडे जास्त. २० ऑक्टोबरला पेरले तर ६५ वा दिवस २४ डिसेंबरला येतो. दिवाळीच्या सुट्टीत पेरणी आणि नाताळच्या सुट्टीत तोडणी! हे गणित पहिल्यांदा वहीत मांडले, तेव्हा मला वाटले की हे पीक वसतिगृहातल्या मुलांसाठीच निर्माण झाले आहे.

दिवाळी दरवर्षी त्याच तारखेला येत नाही. ती नोव्हेंबरमध्ये आली, तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात घरच्यांना पेरायला सांगायचे. दुसरा म्हणजे सुट्टीतच पेरून पहिली तोडणी घरच्यांकडे सोपवायची. उशीर झाला म्हणून पेरणी सप्टेंबरमध्ये ओढू नका. तेव्हा जमीन तापलेली असते आणि पावसाची ओल असेल तर बी कुजते.

आपल्या शाळेत देशभरातली मुले आहेत, म्हणून एकच तारीख सगळ्यांना चालणार नाही. पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश या मैदानी भागांत मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर. शिमल्यासारख्या थंड डोंगरांत हिवाळा ओसरताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये. लाहौल-स्पितीत बर्फ वितळल्यावर पेरतात, त्यामुळे तिथला मटार ऐन पावसाळ्यात खालच्या बाजारांत येतो. बेळगाव, बंगळूर अशा उंचावरच्या, सौम्य हवेच्या गावी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरावे. पुरंदरच्या पठारावर आजोबा जूनच्या पावसावर पेरतात, कारण तिथे पावसाळ्यात हवा थंड राहते. कोकण, गोवा, मुंबई, चेन्नई अशा समुद्रकाठी थंडी जेमतेमच असते. तिथे नोव्हेंबरच्या शेवटी थोडेसेच बी लावून पाहावे आणि दुपारच्या उन्हात सावली येईल अशी जागा निवडावी.

जागा आणि माती

जिथे रोज निदान सहा तास ऊन येते आणि पाणी साचत नाही, ती जागा वाटाण्याची. जबलपूरची आमची माती काळी आणि चिकट आहे. पाणी दिले की लोणी, सुकली की वीट. म्हणून आम्ही सपाट जमिनीत न पेरता सुमारे १५ सेंटीमीटर उंचीचा गादीवाफा करतो. त्यात कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळतो. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्याला शेणखताच्या तीन-चार पाट्या पुरतात. खत ताजे नको. ते कुजताना तापते आणि मुळांना भाजते.

युरिया अजिबात टाकू नका. वाटाण्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात बदलून देतात. त्याच्या मोबदल्यात झाड त्यांना साखर पुरवते. बाहेरून फुकटचा नायट्रोजन मिळाला की झाड या गाठी नीट वाढवत नाही, नुसता पाला माजतो आणि शेंगा कमी लागतात. एखादे रोप उपटून गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी दिसली तर कारखाना चालू आहे असे समजा.

वरच्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये बाग नसेल, तर सुमारे ३० सेंटीमीटर खोल पिशवी किंवा जुनी बादली घ्या. तळाला भोके पाडा. एका पिशवीत सहा ते आठ बिया पुरे. बुटके वाण निवडा.

पेरणी

नवरात्रात घटाभोवती मातीत धान्य पेरतो आणि नऊ दिवसांत ते वाढते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. वाटाणाही असाच सात ते दहा दिवसांत वर येतो. स्नॅप पीचे बी सुरकुतलेले असते. ज्या बीमध्ये स्टार्च कमी आणि साखर जास्त, ते सुकताना असे आकसते. ते गोड असल्यामुळे ओल्या, निचरा न होणाऱ्या मातीत लवकर कुजतेही. म्हणून पेरणीआधी वाफा भिजवून घ्या, वाफसा आल्यावर पेरा आणि कोंब दिसेपर्यंत मातीवर फक्त झारीने हलके पाणी शिंपडा.

बी तीन ते चार सेंटीमीटर खोल पेरा, म्हणजे बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत. दोन बियांत पाच-सहा सेंटीमीटर अंतर ठेवा. दोन ओळी १५ सेंटीमीटर अंतरावर जोडीने घेतल्या की एकच आधार दोघींना पुरतो. पुढची जोडी अर्धा मीटर सोडून.

घेवड्याचे बी उगवताना आपली दोन दले डोक्यावर घेऊन मातीबाहेर येते. वाटाणा मात्र दले मातीतच ठेवतो आणि फक्त कोंब वर पाठवतो. याचा मोठा फायदा आहे. चिमणीने किंवा कबुतराने कोंब तोडला तरी खाली शिदोरी शिल्लक असल्याने बहुधा नवा कोंब येतो. तरीही पहिले दहा दिवस वाफ्यावर काटेरी फांद्या किंवा जुनी मच्छरदाणी घालावी. खारी बी उकरून नेतात.

आधार

वाटाण्याला धरायला काहीतरी हवे. पानाच्या टोकाशी जे तंतू असतात त्यांना तणावे म्हणतात. ती खरे तर रूप बदललेली पाने आहेत. बारीक वस्तूला स्पर्श झाला की तणावा तिच्याभोवती गुंडाळतो. पण जाड बांबू त्याला धरता येत नाही. आपल्या बोटांनी दोर पकडता येतो, पण वडाचे खोड पकडता येत नाही, तसेच. म्हणून दोन टोकांना बांबू ठोका आणि मधे सुतळीची जाळी ताणा. आमच्याकडे एक फाटकी व्हॉलीबॉलची जाळी आहे. रेजिमेंटच्या मैदानावरून निवृत्त होऊन ती आमच्या वाफ्यात रुजू झाली आहे.

बुटक्या वाणाला दोन-अडीच फूट आधार पुरतो, 'शुगर स्नॅप'सारख्या उंच वाणाला सहा फूट लागतो. आधार पेरणीच्याच दिवशी उभा करा. नंतर बांबू ठोकले तर मुळे दुखावतात, आणि तोवर आपण शाळेत परत आलेलो असतो.

आपण शाळेत असताना

पेरणी आणि तोडणी आपली, पण मधले आठ-नऊ आठवडे घरच्यांचे. आमच्या घरी पप्पा फील्डमध्ये असतात. आई आणि धाकटी बहीण दोघीच. आईला शाळेची, बँकेची, रेशनची, गॅसची सगळी कामे एकटीला करावी लागतात. म्हणून तिच्यावर बागेचे ओझे टाकायचे नाही, असे मी ठरवले होते. परत येताना एका कागदावर नेमके तेवढेच लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावले:

१. पहिला आठवडा: रोज सकाळी हलके पाणी. चिखल नको.

२. दुसरा ते पाचवा आठवडा: आठवड्यातून दोनदा पाणी. बोट मातीत घालून पाहा, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी.

३. तिसरा आठवडा: गवत हाताने काढा. खुरपे मुळाजवळ नको. जाळीकडे न वळलेल्या वेलींना हाताने जाळी दाखवा.

४. फुले आल्यावर आणि शेंगा भरताना पाणी चुकवायचे नाही. सगळ्यांत महत्त्वाचे हेच.

५. कडाक्याची थंडी पडणार असेल तर आदल्या संध्याकाळी वाफ्याला पाणी. ओली माती रात्री लवकर गार होत नाही.

शेवटची, सहावी ओळ पप्पांसाठी होती. त्यांची सुट्टी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात होती. वाटाणा कोणासाठी थांबत नाही. एका पेरणीच्या शेंगा तीन-चार आठवडे येतात आणि मग वेल पिवळी पडते. नाताळात सुरू झालेल्या वेली जानेवारीच्या शेवटापर्यंत टिकल्या असत्या याची खात्री नव्हती. यावर शेतकरी जे करतात तेच करायचे, म्हणजे टप्प्याटप्प्याने पेरणी. अर्धा वाफा मी दिवाळीत पेरला आणि उरलेल्या अर्ध्याचे बी पुडीत बांधून ठेवले. सहावी ओळ अशी होती: "पंधरा दिवसांनी उरलेले बी पेरणे. ही ओळ पप्पांची." थंडी वाढत जाते तशी वाढ मंदावते, म्हणून पंधरा दिवसांनी पेरलेली ओळ तोडणीला आणखी थोडी मागे पडते. आम्हांला तेच हवे होते.

रविवारच्या फोनवर बहीण मला वाफ्याचा अहवाल देऊ लागली. "आज सत्तावीस उगवले." "आज एकाने जाळी पकडली." "आज पांढरं फूल आलं, आईनं तोडू दिलं नाही." आधी फोनवर बोलायला विषय संपायचे. आता वेळ संपायची.

कीड आणि रोग

आपण टरफलासकट खाणार, म्हणून विषारी फवारा नको, हा पहिला नियम. कोवळ्या शेंड्यावर हिरवा मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. ती पाने खुडून टाका. जानेवारी-फेब्रुवारीत पानांवर पिठासारखी पांढरी बुकणी येते, ती भुरी. दाट गर्दीत ती लवकर पसरते, म्हणून खालची जुनी पाने काढून हवा खेळती ठेवा आणि पाणी पानांवर न देता मुळाशी द्या. रोप एकाएकी पिवळे पडून सुकले तर मर रोग समजावा. ते उपटून लांब टाका आणि त्या जागी पुढची दोन-तीन वर्षे वाटाणा लावू नका.

तोडणी

शेंग केव्हा तोडायची हे डोळ्यांपेक्षा बोटांना कळते. शेंग गोल भरलेली, चकचकीत हिरवी असावी आणि वाकवल्यावर कट्कन मोडावी. चपटी असताना तोडली तर गोडी कमी. फिकी पडून दाण्यांच्या उंचवट्यांनी खडबडीत झाली तर उशीर झाला. मग ती सोलून दाणे खावेत.

एका हाताने वेल धरायची आणि दुसऱ्या हाताने शेंग तोडायची. ओढली तर वेलच हातात येते. दर दोन दिवसांनी तोडणी करा. वेलीचा हेतू बी तयार करणे हा आहे. शेंगा पिकू दिल्या की तिला वाटते काम झाले, आणि ती फुले देणे थांबवते. तोडत राहिलात की ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते.

तोडल्यानंतर शेंगेतली साखर हळूहळू कमी होऊ लागते, म्हणून बाजारातल्या शेंगेला वाफ्यातल्या शेंगेची चव येत नाही. घरच्या बागेचा खरा फायदा हाच. घेवड्याच्या शिरा काढतो तशी देठाकडून शीर ओढून काढा आणि तशीच खा. शिजवायचीच असेल तर तेलात मोहरी, जिरे, हिरवी मिरची घालून शेंगा दोन-तीन मिनिटे परता, वर मीठ आणि ओले खोबरे. जास्त शिजवली तर कुरकुरीतपणा जातो.

गेल्या वर्षी मी २३ डिसेंबरला घरी पोहोचलो, तेव्हा पहिल्या ओळीत शेंगा भरत आल्या होत्या. सुट्टीत मी पाच वेळा तोडणी केली. दर वेळी एक मोठा वाडगा निघायचा. पप्पा जानेवारीत आले, तेव्हा मी शाळेत होतो. ते फोनवर एवढेच म्हणाले, "तुझ्या ओळीतल्या शेंगा खातोय. टरफलासकट." त्या हिवाळ्यात आमची भेट झाली नाही, पण एकाच वाफ्यातल्या शेंगा आम्ही दोघांनी खाल्ल्या.

मुळे मागे राहू द्या

हंगाम संपला की वेल उपटू नका. जमिनीलगत विळ्याने कापा आणि मुळे मातीतच कुजू द्या. मुळांवरच्या गाठींतला थोडा नायट्रोजन त्या मातीला मिळतो. शेतकरी याला बेवड म्हणतात. आजोबा सांगतात, "वाटाण्याच्या बेवडावर काहीही पेर, हसत येतं." कापलेल्या वेलींचेही खत करा. पुढच्या वर्षी त्या क्वार्टरमध्ये आपण असू की दुसरे कोणी, हे आपल्या हातात नाही. पण येणाऱ्या घराला आपल्याला मिळाली त्याहून चांगली माती मिळेल, हे आपल्या हातात आहे. जाताना घर झाडून, धुऊन, चाव्या मोजून ताब्यात देतो, तशीच बागही द्यावी.

बी मात्र सोबत न्या. वाटाण्याचे फूल उघडण्याआधीच त्याचे परागीभवन आतल्या आत झालेले असते. म्हणून पाकिटावर 'संकरित' लिहिलेले नसेल, तर घरच्या बीपासून तेच वाण पुन्हा मिळते. सर्वांत निरोगी दोन-तीन वेली निवडा, त्यांच्या शेंगा तोडू नका, वेलीवरच वाळू द्या. हलवल्यावर आतले दाणे खुळखुळले की काढा, सावलीत आठवडाभर वाळवा आणि कागदी पाकिटात घालून वाण आणि तारीख लिहा. कोरड्या जागी हे बी दोन-तीन वर्षे उगवते. बदलीच्या काळ्या पेटीत याचे वजन काहीच होत नाही.

माझ्याकडे अशा बियांचे पाकीट तयार आहे. बुटके वाण आहे, कुंडीतही येते. दिवाळीच्या सुट्टीला निघण्यापूर्वी ज्यांना हवे त्यांनी माझ्याकडून प्रत्येकी दहा बिया घेऊन जाव्यात. नाताळानंतर परत याल, तेव्हा किती उगवल्या आणि पहिली शेंग कोणी खाल्ली, एवढे मला सांगा.